आप्पांच्या प्रोस्टेटसाठी बाग विकायची का?

या आठवड्यात तासगावकडच्या एका वाचकाचं पत्र घेतेय. मोठं आहे, थोडक्यात सांगते:

"ताई, आमचे आप्पा ६८ वर्षांचे. लघवीचा त्रास म्हणून दाखवलं तर पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ११ आला, बायोप्सीत कॅन्सर निघाला, ग्लीसन ३+४=७ म्हणजे मध्यम जोखमीचा, पेट स्कॅनमध्ये कुठं पसरलेलं नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी आयएमआरटी, म्हणजे एक्स-रेचा शेक, सांगितलंय, २० वेळा, चार आठवडे. पण ह्यूस्टनला असलेला माझा चुलतभाऊ म्हणतो की ते जुनं झालं, आता प्रोटॉन थेरपी आहे, नुसत्या गाठीवर मारा होतो, बाजूला काही होत नाही, आणि आप्पांसाठी तेवढं पण करणार नाही का. चेन्नईला चौकशी केली, खर्च ऐकून पोटात गोळा आला. दीड एकर बाग विकायला काढलीय, शनिवारी माणूस विसार द्यायला येणार आहे. बायको म्हणते थांबा. मी नाही केलं आणि उद्या आप्पांना काही झालं तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. काय करू?"

भाऊ, आधी उत्तर सांगते मग कारणं, कारण शनिवार जवळ आलाय. बाग विकू नका. आप्पांच्या आजारात प्रोटॉननं आयएमआरटीपेक्षा जास्त काही पदरात पडेल असं आज कुणी दाखवू शकलेलं नाही, आणि हे मी "परवडत नाही ना, मग राहू दे" अशा अर्थानं म्हणत नाहीये, पैसे असते तरी हेच सांगितलं असतं.

मी डॉक्टर नाही, मेडिकल फिजिसिस्ट होते, म्हणजे डॉक्टर गाठ आखून देतात आणि मग मशीननं कुठल्या कोनातून किती डोस द्यायचा तो प्लॅन आम्ही बसवतो. बावीस वर्षं प्लॅनिंग रूममध्ये कॉम्प्युटरसमोर बसून हेच केलं, त्यातली बरीचशी प्रोस्टेटवर गेली, म्हणून जरा खोलात सांगते, वाचून घ्या आणि भावालाही पाठवा.

आपल्याकडं ज्याला शेक देणं म्हणतात तो साधारण एक्स-रेचा असतो, छातीचा फोटो काढतात त्याच जातीचा पण कितीतरी जास्त ताकदीचा. हा किरण शरीरात शिरला की कातडीखाली थोडं आत सगळ्यात जास्त डोस देतो आणि मग कमी कमी होत दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो, म्हणजे गाठीच्या पुढचं आणि मागचं दोन्ही थोडं थोडं भाजतं. प्रोटॉन हा कण आहे, हायड्रोजनच्या अणूचं केंद्र. सायक्लोट्रॉन नावाच्या मशीनमध्ये त्याला प्रकाशाच्या जवळजवळ ६० टक्के वेगापर्यंत पळवतात आणि सोडतात. शरीरात तो जाताना थोडी थोडी ऊर्जा टाकत जातो आणि थांबायच्या अगदी आधी उरलेली सगळी एकदम टाकून देतो, आणि तिथंच संपतो. पुढं शून्य. या शेवटच्या टोकाला ब्रॅग पीक म्हणतात. किती खोल जाऊन थांबायचं ते वेगावर ठरतं, २३० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे ऊर्जेचं माप) प्रोटॉन पाण्यात ३२-३३ सेंटीमीटर जातो, ७० चा चारच. रॉबर्ट विल्सन या शास्त्रज्ञानं १९४६ मध्ये लिहून ठेवलं होतं की याचा कॅन्सरवर उपयोग करता येईल, आणि १९५४ मध्ये अमेरिकेत बर्कलीला पहिल्या पेशंटला दिलं. म्हणजे "नवीन" म्हणतात ती गोष्ट सत्तर वर्षं जुनी आहे, आता फक्त हॉस्पिटलात बसेल अशी मशीन्स आलीत.

एवढं ऐकलं की कुणालाही वाटणार की मग हेच चांगलं, गाठीशी जाऊन थांबतं म्हटल्यावर दुसरं कशाला घ्यायचं. मलाही पहिल्यांदा शिकले तेव्हा असंच वाटलं होतं, अंगावर काटा आला होता खरंच. पण प्रोस्टेटपाशी आलं की गणित फिरतं. कसं ते सांगते, कारण हे कुणी सांगत नाही.

प्रोस्टेट ओटीपोटात अगदी मध्ये असतं. पुढं वर लघवीची पिशवी, मागं चिकटून गुदाशय, म्हणजे संडास साठतो ती जागा. वाचवायचं आहे ते मुख्यतः हे गुदाशय. मग सोपं आहे ना, पोटाकडून प्रोटॉन सोडायचा आणि गुदाशयाच्या अलीकडं थांबवायचा? कागदावर सोपं आहे. पण प्रोटॉन नेमका कुठं थांबणार हे आपण सीटी स्कॅनवरून अंदाज बांधून काढतो आणि त्या अंदाजात तीन-साडेतीन टक्क्यांची चूक धरावीच लागते. वीस सेंटीमीटर आत जायचं तर सहा-सात मिलिमीटर इकडं तिकडं. गुदाशयाची भिंत आहे काही मिलिमीटरची. वर आज पिशवी भरलेली, उद्या अर्धी, परवा पोटात गॅस, म्हणजे वाटेतलं सगळं रोज बदलतं. चुकून थोडा पुढं गेला तर जो सगळ्यात मोठा डोस आहे तोच गुदाशयाच्या भिंतीत. म्हणून सहसा पुढून मारायचं धाडस करत नाहीत. दोन्ही बाजूंनी, खुब्याच्या हाडांतून आडवा प्रोटॉन सोडतात. पण मग गुदाशयाच्या बाजूला जी कड येते ती थांबण्याची कड नसते, किरणाची बाजूची कड असते. आणि इतक्या खोलवर जाईपर्यंत प्रोटॉन बाजूला फाकलेला असतो, तुमच्या पाइपच्या तोंडाशी धार बारीक असते आणि लांब पडते तिथं फाकते ना, तसंच. त्या खोलीवर चांगल्या लिनॅकच्या, म्हणजे एक्स-रेच्या शेकाच्या मशीनच्या, किरणाची कड प्रोटॉनइतकीच धारदार असते.

म्हणजे भाऊ, प्रोटॉनकडं जो एक हुकमी गुण आहे, थांबण्याचा, तो प्रोस्टेटमध्ये जिथं हवाय तिथंच वापरता येत नाही. मग राहतं काय? ओटीपोटाच्या बाकी भागात डोस थोडा कमी पडतो, ते खरं आहे, चित्रात दिसायला फार सुंदर दिसतं, पण त्या भागात आप्पांना त्रास होणार असतो असं नाही.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत पार्टिकॉल नावाची चाचणी झाली, कमी आणि मध्यम जोखमीचे ४५० पुरुष घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखं निम्म्यांना प्रोटॉन आणि निम्म्यांना आयएमआरटी. निकाल २०२४ मध्ये आला. दोन वर्षांनी संडासचा त्रास बघितला, फरक नाही. लघवीचा, नाही. संबंधांचा, नाही. पाच वर्षांनी आजार वाढलेला नाही अशांचं प्रमाण दोन्हीकडं ९३ टक्क्यांच्या वर. भावाच्याच देशातला निकाल आहे. भावावर रागावू नका पण, तो खोटं बोलत नाहीये, तिथं १९९० पासून हॉस्पिटलांत प्रोटॉन मशीन आहेत आणि प्रोस्टेटचे पेशंट त्यावर भरपूर घेतले गेले, विम्यातून बिल गेलं की घरच्यांना खर्च दिसतच नाही. त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या वडिलांनी घेतलं असेल आणि ते बरे झाले असतील. आयएमआरटी घेऊनही बहुतेक तसेच बरे झाले असते, पण हे सांगायला तिथं कोण जातंय.

मग प्रोटॉनचा उपयोग कुणाला, असं तुम्ही विचाराल. आहे, आणि तिथं मी कर्ज काढून जा म्हणेन. लहान मुलं. मेंदूत मेड्युलोब्लास्टोमा नावाची गाठ होते, त्यात ऑपरेशननंतर पूर्ण मेंदू आणि पूर्ण पाठीचा कणा याला रेडिएशन द्यावं लागतं. आठ वर्षांच्या पोराच्या पाठीतून एक्स-रे सोडला की तो कणा ओलांडून पुढं घसा, थायरॉइड, हृदय, आतडी सगळ्यातून बाहेर पडतो. प्रोटॉन मणक्यापाशी थांबतो. थोडा मागंपुढं झाला तरी फार बिघडत नाही, उलट वाढत्या मुलात अख्खा मणका मुद्दाम डोसमध्ये घेतात, कारण अर्ध्याच मणक्याला दिला तर एक बाजू वाढते, दुसरी वाढत नाही, आणि पाठ वाकडी होते. त्या पोराला पुढं साठ-सत्तर वर्षं जगायचंय, हृदय वाचलं, थायरॉइड वाचलं, पुढं दुसरा कॅन्सर व्हायची शक्यता कमी झाली, याची किंमत कशात मोजणार. तसंच कवटीच्या तळाशी मेंदूच्या खोडाला चिकटलेली कॉर्डोमा नावाची गाठ, डोळ्यातला मेलॅनोमा नावाचा कॅन्सर, किंवा एकदा शेक झालेल्या जागी परत द्यायची वेळ आली तर. डोकं-मानेच्या कॅन्सरात माणसागणिक बघावं लागतं, नेदरलँडमध्ये तर दोन्ही प्लॅन बनवतात, शेजारी शेजारी ठेवून त्रासाचा अंदाज काढतात आणि प्रोटॉननं ठरलेल्या मापापेक्षा जास्त फरक पडणार असेल तरच प्रोटॉन देतात. मला ही पद्धत फार आवडते, सगळीकडं अशीच हवी.

आपल्या देशात चेन्नईला २०१९ मध्ये पहिलं प्रोटॉन सेंटर सुरू झालं, खासगी, तिथला आकडा तुम्हाला कळलाच आहे. आणि खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये सरकारी आहे, ११ मे २०२३ ला देशाला अर्पण झालं. तासगावहून चेन्नईपेक्षा खारघर कितीतरी जवळ, तुमच्या पत्रात त्याचं नावसुद्धा नाही म्हणून सांगितलं, पण प्रोस्टेटसाठी तिथंही धाव घ्यायची गरज नाही. सायक्लोट्रॉन दोनशे टनांच्या वरचा असतो, गँट्री, म्हणजे पेशंटभोवती फिरणारा सांगाडा, तीन मजली उंच, भिंती दोन दोन मीटर जाडीच्या, अशी मशीन गल्लोगल्ली होणार नाहीत, ज्या आहेत त्यांच्यावरचा एकेक स्लॉट आधी अशा मुलांना मिळावा असं मला मनापासून वाटतं. कार्बन आयन म्हणून अजून एक प्रकार आहे, जपानात चिबाला १९९४ पासून देतात, तो कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवला तर गोंधळू नका, भारतात तो नाही आणि आप्पांना लागतही नाही.

आता एक घरचं सांगते, सांगताना त्रास होतो पण सांगते. माझ्या मामांना तोंडाचा कॅन्सर झाला, तंबाखू. ऑपरेशन व्यवस्थित झालं, डॉक्टरांनी सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू करा म्हणून सांगितलं. घरात कुणीतरी प्रोटॉनचा व्हिडिओ दाखवला आणि सगळे त्याच्या मागं लागले, प्लॉट विकायला काढला, ऑनलाइन पैसे गोळा केले, एका सेंटरच्या माणसानं फोनवर "बेड मिळेल, आधी इतके भरा" केलं, आणि या सगळ्यात दहा आठवडे गेले. शेवटी पैसे पुरले नाहीत म्हणून साधा शेकच घेतला. सात महिन्यांनी मानेत परत गाठ आली. उशिरामुळंच आली असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, मीही नाही, पण त्या दहा आठवड्यांत मी एकदाही मामींसमोर बसून "थांबू नका, आहे ते सुरू करा" म्हटलं नाही. लोक म्हणतील पैशासाठी मागं ओढतेय, म्हणून गप्प बसले. म्हणून आता पत्र आलं की गप्प बसत नाही.

आप्पांचं तसं नाही, प्रोस्टेटचा हा प्रकार सावकाश वाढतो, दोन-तीन आठवडे विचारात गेले तर आभाळ कोसळत नाही, पण त्या आठवड्यांत जमीन विकण्याऐवजी काही कामाच्या गोष्टी करा. मिरजेच्या डॉक्टरांना परत भेटा आणि विचारा की रोज झोपवल्यावर मशीनवरच सीटी काढून बघता का, ज्याला इमेज गाइडन्स म्हणतात. माझ्या मते प्रोटॉन की एक्स-रे यापेक्षा हा प्रश्न आप्पांसाठी दहापट महत्त्वाचा आहे, कारण गाठ रोज थोडी हलते आणि रोज बघून मारलं तर बाजूला कमी लागतं. ते "हो" म्हणाले तर तुमचं निम्मं काम झालं. दुसरं विचारा, पाच वेळांत होणारं एसबीआरटी आप्पांना चालेल का. इंग्लंडमधल्या पेस-बी चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला, आप्पांसारख्याच पेशंटमध्ये पाच वेळांचं रेडिएशन नेहमीच्या लांब कोर्सपेक्षा मागं पडलं नाही, पाच वर्षांनी ९५ टक्क्यांच्या आसपास लोकांत आजार डोकं वर काढलेला नव्हता. सगळ्या सेंटरमध्ये करत नाहीत, लघवीला आधीच खूप अडथळा असेल तर देत नाहीत, पण विचारायला काय जातंय. नसेल जमत तर २० वेळांचा कोर्सही उत्तम आहे, अजिबात मन खट्टू करू नका. हार्मोनचं इंजेक्शन लागणार का आणि किती महिने, तेही विचारा, आणि ऑपरेशनचा पर्याय का नाही सुचवला तेही.

तरी भावकीचं समाधान होत नसेल तर दुसरं मत घ्या, टाटाच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' नावाच्या ऑनलाइन सेवेतून घरबसल्या मागवता येतं, रिपोर्ट अपलोड करायचे. लेखी कागद हातात आला की ह्यूस्टनच्या भावाला पाठवा, त्याला तुमच्या शब्दापेक्षा तो कागद पटेल. आणि मुंबईला जायचीच वेळ आली तर कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट, हॉस्पिटलच्या सर्टिफिकेटवर मिळते. पैशाची अडचण असेल तर कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात आधी मेडिकल सोशल वर्करला गाठा, योजना आणि ट्रस्ट त्यांना तोंडपाठ असतात.

आणि हो, शेक घेताना काय होतं तेही सांगून ठेवते म्हणजे आप्पा घाबरणार नाहीत. आधी प्लॅनिंगचा सीटी, कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके गोंदतात. रोज संडास साफ करून आणि लघवीची पिशवी भरून यायला सांगतात, भरलेली पिशवी आतड्यांना वर ढकलते आणि तिचा स्वतःचाही बराचसा भाग किरणांच्या वाटेतून बाजूला जातो. तासगावहून एसटीनं धक्के खात भरल्या पिशवीनं जायचं म्हणजे हाल होतील, म्हणून तिथं पोचूनच पाणी प्यायला लावा, आणि टेक्निशियनला सांगून रोजची वेळ पक्की करून घ्या. मशीनवर दहा-पंधरा मिनिटं, दुखत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून लघवीला जळजळ, रात्री सारखं उठणं, संडास थोडी पातळ, हे होतं आणि कोर्स संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतं. पुढं कधी काहींना संडासवाटे थोडं रक्त जातं, तसं दिसलं तर घाबरून कुठंतरी बायोप्सी करू देऊ नका, आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवा, त्या भिंतीला जखम केली की भरायला वेळ लागतो.

एक गोष्ट पत्रात तीन वेळा शोधली, सापडली नाही. भाऊ काय म्हणतो ते आहे, बायको काय म्हणते ते आहे, भावकी काय म्हणेल ते आहे. आप्पा काय म्हणतात ते कुठंच नाही. त्यांना विसाराचं माहीत तरी आहे का? ज्या माणसानं ती वेलं लावली, खरड छाटणीला आणि गोडी छाटणीला मजुरांच्या आधी बागेत जाऊन उभा राहिला, त्याला उद्या बरं होऊन घरी आल्यावर कळलं की बाग गेली, आणि तीही ज्याची गरज नव्हती त्यासाठी, तर काय वाटेल त्याचा विचार करा. साठी-सत्तरीतली माणसं आपल्यासमोर बोलत नाहीत, आजार त्या जागेचा म्हणून तर अजिबातच नाही. लघवीचं बोलतील एकवेळ, संबंधांवर परिणाम होईल का हे मुलाला कधीच विचारणार नाहीत, आणि तो परिणाम प्रोटॉन घ्या की आयएमआरटी, काही जणांना होतो. डॉक्टरांकडं गेलात की दहा मिनिटं तुम्ही बाहेर बसा, त्यांना एकट्याला बोलू द्या.

त्यांना प्रोटॉनचंही सांगा, लपवू नका, हा लेख वाचून दाखवा हवं तर. मला वाटतं ते पहिला प्रश्न विचारतील की चार आठवडे बागेला पाणी कोण देणार. त्याचं उत्तर तयार ठेवा.

भावकीत तोंड दाखवायचं म्हणालात. वडिलांना बरोबर उपचार वेळेवर दिले, रोज मिरजेला घेऊन गेलो, हे तोंड कुठंही दाखवता येतं. विसारवाल्याला आजच फोन करा, शनिवारपर्यंत थांबू नका, एकदा पैसे हातात घेतले की परत करणं अवघड जातं.